बिग टेन बास्केटबॉलचा मोसम : पर्ड्यूत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

इंडियाना राज्यात वेस्ट लाफायेट गावी असलेल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकायला येणारा मराठी विद्यार्थी बहुधा ऑगस्टमध्ये पोहोचतो, आणि त्या वेळी सगळीकडे अमेरिकन फुटबॉलचीच चर्चा असल्याने बास्केटबॉल हे या गावाचे खरे वेड आहे, हे त्याच्या उशिरा लक्षात येते. पुरुष संघाचे सामने नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतात. पण बिग टेन या कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसांत साखळी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे, दोन सामने डिसेंबरमध्ये उरकले की उरलेले जानेवारी ते मार्चच्या प्रारंभापर्यंत, म्हणजे कडाक्याच्या थंडीत, होतात. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मी क्रीडा विभागात सामन्यांची आकडेवारी नोंदवण्याचे काम केले, आणि हा मोसम मला समजला तो बराचसा त्या टेबलावरून.

आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा काही दिवसांत संपतात, त्यामुळे तीन महिने चालणाऱ्या साखळीचा अंदाज आपल्याला नसतो. नावात दहा असले तरी ऑगस्ट २०२४ मध्ये यूसीएलए, यूएससी, ऑरेगन आणि वॉशिंग्टन आल्यापासून बिग टेनमध्ये १८ विद्यापीठे आहेत, आणि प्रत्येक संघ २० साखळी सामने खेळतो. म्हणजे तीन प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा आणि उरलेल्या चौदांशी एकदाच गाठ पडते, तीही सात ठिकाणी घरी आणि सात ठिकाणी बाहेर. त्यामुळे गुणतालिकेत शेजारी बसलेल्या दोन संघांनी सारख्याच अवघड वाटेने तेथवर मजल मारली असेल असे नाही. कोणाला दोनदा कोण मिळाले आणि बलाढ्य संघाशी एकमेव सामना कोणाच्या मैदानावर झाला, हे पाहिल्याशिवाय तालिकेवरून मत बनवू नये. घरच्या मैदानाचे वजन इथे फार मोठे आहे. २०२४-२५ मध्ये पर्ड्यूने इंडियाना विद्यापीठाला आपल्या घरच्या मॅकी अरीनामध्ये ८१-७६ असे हरवले, आणि तीन-एक आठवड्यांनी इंडियानाच्या गावी, ब्लूमिंग्टनला, जाऊन त्याच संघाकडून ५८-७३ असा मार खाल्ला.

नवख्याचा सर्वांत मोठा गोंधळ होतो तो विजेतेपदांबाबत. आयपीएलमध्ये साखळीत अव्वल राहणाऱ्या संघाला त्याबद्दल विजेतेपद मिळत नाही; बिग टेनमध्ये मात्र साखळीतील पहिला क्रमांक हेच एक स्वतंत्र आणि अत्यंत मानाचे विजेतेपद आहे. त्यानंतर मार्चमध्ये कॉन्फरन्सची बाद फेरीची स्पर्धा होते, जी १८९६ पासूनच्या या संघटनेत १९९८ साली सुरू झाली, आणि तिचा विजेता वेगळा असू शकतो. २०२५ मध्ये साखळी मिशिगन स्टेटने जिंकली, तर इंडियानापोलिसला झालेली बाद फेरी मिशिगन या वेगळ्या विद्यापीठाने. तिसरा टप्पा एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा. हे तिन्ही टप्पे एकमेकांपासून किती सुटे आहेत, हे पर्ड्यूच्याच दोन वर्षांवरून कळते. २०२३ मध्ये संघाने साखळीही जिंकली आणि बाद फेरीही, पण राष्ट्रीय स्पर्धेत पहिले मानांकन असताना सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून पहिल्याच सामन्यात ५८-६३ असा पराभव झाला. पुढच्या वर्षी साखळी पुन्हा जिंकून संघ बिग टेनच्या उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून जादा वेळेत एका गुणाने हरला, आणि मग १९६९ नंतर प्रथमच राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला.

कॉन्फरन्सची बाद फेरी जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश असतो. इतरांची निवड समिती करते. समिती जी ‘नेट’ क्रमवारी वापरते, तिच्यात विजयाची प्रत सामन्याच्या ठिकाणावर ठरते. पहिल्या तीसमधील संघाला घरी हरवणे आणि पहिल्या पंचाहत्तरमधील संघाला त्याच्या मैदानावर हरवणे, हे दोन्ही विजय एकाच, सर्वोच्च गटात मोजले जातात. म्हणून फेब्रुवारीत एखाद्या मधल्या फळीतील संघाने परगावी मिळवलेला विजय घरच्या गाजावाजाच्या विजयापेक्षा अधिक बारकाईने पाहावा, असे माझे मत आहे.

आता कामाविषयी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, आणि क्रीडा विभागाला हिवाळ्यात माणसे लागतात. आकडेवारीच्या टेबलावर एक जण खेळावरची नजर न हटवता बोलत राहतो आणि दुसरा संगणकात नोंदवत जातो. बोलणाऱ्याने आधी खेळाडूचा क्रमांक, मग कृती, मग निकाल असा क्रम मोडला की दोघांचाही ताल जातो. खेळ आलाच पाहिजे असे नाही, पण नियम तोंडपाठ हवेत. प्रत्येकी २० मिनिटांची दोन सत्रे, चेंडू बास्केटकडे फेकण्यासाठी ३० सेकंद आणि पाच फाउलनंतर खेळाडू बाहेर, ही सुरुवात. त्याही पुढे, संघाला चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला हे काढायला शिकावे : घेतलेल्या फेकींतून आक्रमणातील रिबाउंड (आपली चुकलेली फेक आपणच परत मिळवणे) वजा करावेत, गमावलेले चेंडू मिळवावेत आणि फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींच्या) संख्येला ०.४७५ ने गुणून येणारा आकडा त्यात घालावा. ८० गुण करणारा संघ चांगला खेळला की नुसताच वेगाने खेळला, हे या एका हिशेबातून उलगडते, आणि डेटा सायन्सच्या मुलाखतीत मला यावर अभ्यासक्रमातील प्रकल्पापेक्षा जास्त प्रश्न विचारले गेले.

व्हिसाची अडचण केवळ आपलीच नसते. जुलै २०२१ पासून विद्यापीठीय खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली, पण टोरांटोहून आलेला, देशातील सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार सलग दोन वर्षे मिळवणारा सात फूट चार इंची झॅक एडी एफ-१ वरच असल्याने त्यातील बहुतेक संधींना मुकला.

बाद फेरी पाहायला जायचे असेल, तर ठिकाण आधी तपासावे, कारण ते बदलत असते. इंडियानापोलिस वेस्ट लाफायेटपासून सुमारे तासाभराच्या अंतरावर, तर शिकागो त्याहून बरेच दूर आहे. साखळीतील पहिल्या चार संघांना थेट उपांत्यपूर्व फेरीत पुढे चाल मिळते, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांची तिकिटे स्वस्त असली तरी आपला संघ त्या दिवशी खेळेलच असे नाही. उपांत्यपूर्व फेरीचे चारही सामने शुक्रवारी, दोन सत्रांत होतात आणि एका तिकिटात दोन सामने पाहता येतात. खर्च एकदाच करायचा असेल, तर तो याच दिवशी करावा, आणि तिकीट घेण्यापूर्वी आपला संघ दुपारच्या सत्रात आहे की संध्याकाळच्या, हे साखळीचा शेवटचा सामना झाल्यावर पाहून घ्यावे.