आफ्रिकेतली पहिली शिकार: रायफल टेकवायच्या तिवईवर सराव करूनच निघा
दक्षिण आफ्रिकेत कुडू, इम्पाला या हरणांच्या शिकारीला पहिल्यांदाच जाणार असाल, तर मे ते ऑगस्टमधले दिवस धरा. पानगळीमुळे झुडपांत जनावर दिसतं. शिकार आयोजकाचा रोजचा दर आणि प्रत्येक जनावराची ट्रॉफी फी (मारलेल्या जनावरामागे द्यायची रक्कम) वेगळी असते. जखमी जनावर निसटलं तरी बहुतेक ठिकाणी पूर्ण फी भरावी लागते. पण पैशांपेक्षा त्याचे हाल टळणं महत्त्वाचं. म्हणून टेबलावर रायफल टेकवून नव्हे, तिवईवर उभ्याने सराव करा. तिथल्या हरणांचं हृदय खाली, पुढच्या पायांच्या रेषेत असतं. खांद्याच्या फार मागे नेम धरला की गोळी पोटात जाते. स्वतःची रायफल नेणार असाल, तर एसएपीएस ५२० अर्ज (बंदूक तात्पुरती देशात नेण्याच्या परवान्यासाठीचा तिथल्या पोलिसांचा अर्ज) आधीच भरा, सही मात्र तिथल्या पोलिसांसमोरच करा.