अमेरिकेवरचा क्विझचा प्रश्न पक्का कसा करावा

चकित करणारी माहिती सापडते. प्रश्नाला एकच उत्तर उरेल हे पाहणं जास्त कष्टाचं. ‘अमेरिका स्वतंत्र कधी झाली?’ असं मोघम विचारू नका. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ ला मंजूर झाला, जाहीरनामा ४ जुलैला स्वीकारला गेला, बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या आणि ब्रिटनने तहाने मान्यता दिली ती १७८३ मध्ये. स्पर्धक यातल्या कुठल्याही तारखेवर अडून बसेल आणि त्याचं चुकणार नाही. म्हणून आधी क्रियापद ठरवा: मंजूर, स्वीकृत, की सही?

४ जुलैला निधन झालेले अध्यक्ष विचारताना ‘तिघे’ हा आकडा प्रश्नातच द्या. ॲडम्स आणि जेफरसन १८२६ मध्ये एकाच दिवशी गेले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं; १८३१ मधले मन्रो हमखास निसटतात.

वस्तू बदलत असेल तर साल हवंच. हॉलिवूडची डोंगरावरची पाटी १९२३ मध्ये घरांच्या जागांची जाहिरात म्हणून उभी राहिली. तेव्हा ती ‘हॉलिवूडलँड’ होती, म्हणजे इंग्रजीत १३ अक्षरं. १९४९ मध्ये ‘लँड’ काढल्यावर ९ उरली.

लिंकन आणि केनेडी या हत्या झालेल्या दोन अध्यक्षांमधल्या योगायोगांची जी यादी फिरते, ती जशीच्या तशी उचलू नका. लिंकनच्या सचिवाचं नाव केनेडी होतं, या त्यातल्या दाव्याला पुरावा नाही. लिंकनचे सचिव होते जॉन निकोले आणि जॉन हे (Hay).