अमेरिकेतल्या जुन्या घराचे आधीचे मालक शोधताना

न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात जुनं घर घेतलं आणि त्याचे आधीचे मालक शोधायचे ठरवलं, तर काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) जुन्या दस्तांच्या सूचीत पत्त्यावरून काही सापडत नाही. ती सूची माणसांच्या नावांनी लावलेली असते.

म्हणून सुरुवात आपल्याच डीडपासून, म्हणजे घराच्या खरेदीखतापासून करा. जमिनीचं वर्णन संपतं तिथे बहुधा ‘बीइंग द सेम प्रिमायसेस’ (‘हीच ती मालमत्ता’) असं काहीसं सुरू होणारं वाक्य असतं. आधीचं डीड कोणी कोणाला करून दिलं, कधी, आणि ते कुठल्या डीड बुकात (डीडांच्या नोंदवहीत) कितव्या पानावर आहे, हे त्यातच मिळतं. खरा खजिना हाच!

१. ते पान काढा, त्यातलं तसंच वाक्य वाचा, असं मागे जात राहा.
२. वाक्य नसेल तर विकणाऱ्याचं नाव ‘ग्रँटी’ म्हणजे घेणाऱ्यांच्या सूचीत शोधा. त्यानेही ते कोणाकडून तरी घेतलं असणार.
३. तिथेही नाव नसेल तर घर वारशाने आलं असण्याची शक्यता मोठी. मृत्युपत्रांच्या नोंदी पाहा. न्यू जर्सीत त्या काउंटीच्या सरोगेटकडे, म्हणजे मृत्युपत्रांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे असतात.

बऱ्याच काउंटींच्या जुन्या डीड बुकांचे स्कॅन फॅमिलीसर्च या वंशावळी शोधण्याच्या वेबसाइटवर मोफत खातं उघडून पाहता येतात. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमध्ये मात्र काउंटीकडे जाऊ नका, तिथली डीडं गावाच्या टाउन क्लार्ककडे, म्हणजे गावाचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे असतात.

एक सांभाळा: पूर्वी सही झाल्यावर कित्येक वर्षांनीही डीड नोंदवलं जाई. त्यामुळे अपेक्षित वर्षी नाव दिसलं नाही, तर सूचीची पुढची वर्षंही चाळा.