पानिपतानंतरचा तोतया : ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहिताना या चुका टाळा

हरवलेला नवरा परत येतो, घर त्याला आपलासा करते आणि तो मुळात तो नसतोच, हे कथाबीज मराठी कादंबरीकाराला कुठून उसने आणावे लागत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानले नाही. आणि पुढे एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या काळात कैदेत पडलेला हा तोतया १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटला, त्याने कोकणात बंड केले, अखेर तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. एवढी सामग्री हाताशी असूनही या काळावरच्या प्रेमकथा बहुधा एकाच ठिकाणी अडखळतात : माणसाची ओळख तेव्हा कशाने पटत असे, याचा विचारच लेखकाने केलेला नसतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळे वाडेकरी एकाच वेळी, एकाच कारणाने फसतात. दाढी वाढवलेला, रापलेला पुरुष वाड्याच्या दिंडी दरवाजात उभा राहतो आणि सासूपासून हुजऱ्यापर्यंत सर्वांच्या डोळ्यांत पाणी येते. वाचकाला हे पटत नाही, आणि पटू नयेच. खऱ्या प्रकरणात तोतयामागे गेलेले सगळे भोळे नव्हते. ज्याच्या ताब्यात तो कैदी होता तो अंमलदारच त्याला सामील झाला, कारण पुण्याच्या कारभाऱ्यांवर नाराज असलेल्यांना भाऊसाहेब जिवंत असणे सोयीचे होते. तुमच्या कथेतही प्रत्येकाचा विश्वास त्याच्या गरजेतून यायला हवा. सावकाराला बुडीत कर्ज वसूल करायचे असते, दिराला वतनाच्या वाटणीत कुणाचा तरी आधार हवा असतो, म्हातारीला मुलगा हवा असतो. बायकोला काय हवे आहे, हे मात्र शेवटपर्यंत तिच्या स्वतःच्याही नीट ध्यानात येऊ नये. कादंबरी तिथेच आहे.

दुसरा अडथळा पत्रांचा. विरहिणी एकांतात पानेच्या पाने लिहिते आणि त्या पत्रावरून पुढे भेद उघडा पडतो, ही युक्ती फार वापरली जाते. पेशवे घराण्यातल्या काही स्त्रिया लिहित-वाचत होत्या हे खरे, पण साध्या शिलेदाराच्या घरी पत्र बहुधा कारकून मोडीत लिही, बोरूची शाई वाळू टाकून टिपली जाई, आणि कागद मुक्कामी पोचल्यावर तो वाचून दाखवायला पुन्हा दुसरा कारकून लागे. म्हणजे प्रेमपत्रात किमान दोन परके कान आलेच. ही अडचण टाळू नका, वापरा : खऱ्या नवऱ्याच्या अक्षराचे वळण ओळखणारा वृद्ध कारकून हा तोतयाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि त्याला गप्प बसवणे हे एक अख्खे प्रकरण होऊ शकते.

संवादांत नायिका नायकाला नावाने हाक मारते, तेव्हा तर सगळा डोलाराच कोसळतो. त्या काळची कुलस्त्री नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज उच्चारत नसे. ‘इकडून येणं झालं’, ‘स्वारी दमली असेल’ अशी तिची भाषा. तोतयाच्या कथेत ही रीत म्हणजे पर्वणीच आहे. नाव न घेता ती दोघांशीही, गेलेल्याशी आणि आलेल्याशी, त्याच शब्दांत बोलू शकते, आणि एखाद्या दिवशी ‘इकडून’ऐवजी तिच्या तोंडून ‘तुम्ही’ निघाले, तर तिला सत्य कळले आहे हे वाचकाला कुणी वेगळे सांगावे लागत नाही.

खऱ्या पार्वतीबाईंनाच प्रेमप्रसंगात ओढण्याचा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पानिपताहून न परतलेल्या शेकडो अनाम स्वारांपैकी एकाची बायको घ्या. तिथे कल्पनेला पूर्ण मोकळीक आहे. मात्र ती घेताना कालगणना विसरू नका. बेपत्ता माणसाची साधारण बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा दहन करण्याचा, म्हणजे पालाशविधीचा, प्रघात होता. १७६१ नंतर बारा वर्षांनी, १७७३ मध्ये, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कुंकू पुसण्याचा दिवस जवळ येत असताना राज्याची घडीही विस्कटत असेल, तर कथेला निराळा ताण आणावा लागत नाही.

चहाचे पेले, काडेपेटी, पात्रांच्या तोंडची इंग्रजी तारीख या चुका एका वाचनात दुरुस्त होतात. तिथी आणि शक वापरा. पानिपताचा दिवस त्या माणसांसाठी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ होता.

शेवटची चूक उलगड्यानंतरची. सत्य बाहेर पडते, नायिका रडते, क्षमा करते, आणि पुढच्या पानावर दोघे घोड्यावरून निघून जातात. पेशवाईत अशी फसवणूक दोघांपुरती राहत नसे. तोतयाच्या पंक्तीला जेवलेल्यांचे काय, त्याच्या हातून झालेल्या श्राद्धाचे काय, त्याच्यापासून झालेल्या मुलाचे गोत्र कोणते, हे प्रश्न शास्त्र्यांपुढे आणि जातीपुढे जाणारच. क्षमा लिहायचीच असेल, तर प्रायश्चित्ताचा निर्णय ऐकायला सगळा गाव जमलेला असताना नायिका कोणत्या बाजूला जाऊन उभी राहते, ते लिहा.