वाक्यातला ‘च’ कसा शोधावा?

रात्रीची जेवणे आटोपल्यावरची पंधरा मिनिटे, एक शंभर पानी वही आणि पेन एवढ्या साहित्यावर स्वतःच्या भावनांचा हिशेब ठेवता येतो. या पद्धतीचे मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीत आहे. मराठीत ती रुजवण्याचे काम कि. मो. फडके यांनी केले. तिचे सूत्र असे, की घटना आपल्याला थेट दुःखी किंवा संतप्त करत नाही. घटना आणि भावना यांच्या मधल्या क्षणात आपण स्वतःशी एक वाक्य बोललेलो असतो आणि भावना किती भडकेल हे बहुतांशी त्या वाक्यावर ठरते.

पानावर घटना, विचार आणि भावना असे तीन रकाने आखावेत. भरताना मात्र विचाराचा रकाना शेवटी घ्यावा, कारण विचार सर्वांत उशिरा हाती लागतो. घटनेचा रकाना सोपा वाटतो, पण पहिली चूक तेथेच होते. धाकट्या भावाने आईच्या मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मला न विचारता ठरवली, त्या रात्री मी घटनेखाली लिहिले होते, ‘भाऊ मला घरात किंमत देत नाही.’ ही घटना नव्हे, हा माझा निष्कर्ष होता. घटना एवढीच, की गुरुवारी संध्याकाळी सात वाजता भावाचा फोन आला आणि शस्त्रक्रिया सोमवारी असल्याचे त्याने सांगितले. भिंतीवरच्या कॅमेऱ्याने जेवढे टिपले असते, तेवढेच या रकान्यात लिहावे.

भावनेखाली एक नेमका शब्द आणि दहापैकी गुण लिहावेत. ‘कसेतरीच वाटत होते’ एवढ्यावर थांबू नये. राग होता, भीती होती की अपमान वाटला, हे ठरवावे. मी ‘राग, आठ’ असे लिहिले.

खरे काम विचाराच्या रकान्यात आहे आणि तेथे मराठी माणसाला एक सोय आहे, तशी एक अडचणही आहे. अडचण ‘पाहिजे’ या शब्दाची. ‘मला चहा पाहिजे’ यात नुसती इच्छा असते, तर ‘त्याने मला विचारले पाहिजे’ यात हुकूम असतो; दोन्हींसाठी शब्द एकच असल्याने इच्छेचा हुकूम कधी झाला, हे आपल्याला कळतही नाही. सोय अशी, की हुकूम झाला की बहुधा त्याला ‘च’ येऊन चिकटतो : ‘त्याने मला विचारायलाच हवे होते.’ एलिस यांच्या मते भावनिक त्रासाच्या मुळाशी अशी मागणीच असते. म्हणून लिहून झाल्यावर वाक्यातल्या प्रत्येक ‘च’भोवती लाल पेनाने गोल करावा. अर्थात प्रत्येक ‘च’ दोषी नसतो. ‘मी उद्या फिरायला जाणारच’ हा निश्चय आहे. जगाने, दुसऱ्याने किंवा स्वतः आपण अमुक असेच असले पाहिजे, असा हट्ट धरणारा ‘च’ तेवढा वेगळा काढावा.

त्या वाक्याला तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहूनच काढावीत, कारण मनातल्या मनात आपण स्वतःला फार लवकर सूट देतो. असा नियम खरोखर कोठे आहे? मला हवे होते म्हणून ते घडायलाच हवे होते, हे तर्काला धरून आहे का? आणि हे धरून ठेवल्याने माझे काय साधते? माझ्या तिसऱ्या उत्तरात ‘रात्रीची झोप गेली आणि आईशी बोलायचे राहिले’ असे आले. त्यानंतर वाक्य नव्याने लिहावे : ‘त्याने विचारले असते तर मला बरे वाटले असते, त्याने विचारले नाही, हे मला आवडलेले नाही, पण मी ते सहन करू शकतो.’ येथे ‘सगळे छान आहे’ असे खोटे समाधान लिहू नये. राग आठवरून चारवर येऊन त्याची नाराजी झाली, तरी पुष्कळ झाले. नाराज माणूस फोन करून शांतपणे बोलू शकतो.

वाक्य बदलल्यावर कृतीही हवी. एलिस यांना तरुणपणी मुलींशी बोलण्याची भीती वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलण्याचा धडा स्वतःला महिनाभर घातला. शंभरेक जणींशी ते बोलले. एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. पण बोलण्याची भीती मात्र गेली. आपली कृती एवढी मोठी नसली तरी चालेल. मी दुसऱ्या दिवशी भावाला फोन करून ‘पुढच्या वेळी आधी सांगशील का?’ एवढे विचारले.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वहीवर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते.

महिनाअखेर सगळी पाने एकदा वाचावीत. माणसे आणि प्रसंग निरनिराळे असले, तरी लाल गोलातले वाक्य पुष्कळदा एकच निघते. माझ्या वहीत ‘मला विचारायलाच हवे होते’ हे सहा वेळा सापडले. त्यांपैकी दोन वेळा तक्रार सोसायटीच्या पाण्याच्या पंपाच्या वेळेबद्दल होती.