बाखचा सी मायनर फ्यूग बसवायचाय? आधी गाऊन बघा

संगीतकार बाखच्या वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर या पियानोवर वाजवल्या जाणाऱ्या संग्रहाच्या पहिल्या भागात (1722 चा) 24 प्रेल्यूड-फ्यूगच्या जोड्या आहेत (प्रेल्यूड म्हणजे आधीची छोटी रचना, फ्यूग म्हणजे एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत आळीपाळीने येणारी रचना), आणि शिकायला बसलेले बरेच जण दुसऱ्या जोडीवर, म्हणजे सी मायनरवर येतात. बाखची दोन आवाजांची, म्हणजे एकाच वेळी दोन स्वतंत्र सुरावटी चालणारी, इन्व्हेन्शन्स नावाची छोटी पीसेस नीट वाजत असतील तरच याला हात घाला, नाहीतर आधी ती करा, खरंच.

प्रेल्यूड तुलनेने सोपा. सुरुवातीच्या बारमध्ये (बार म्हणजे नोटेशनमधला चार मात्रांचा एक खण) जो पॅटर्न पहिल्या अर्ध्यात येतो तोच दुसऱ्या अर्ध्यात परत येतो, म्हणून आधी प्रत्येक बारचे सूर एकत्र दाबून कॉर्डसारखे वाजवा, हात कुठून कुठे सरकतोय ते कळलं की मग सोळाव्या नोट्स (एका मात्रेत चार) हळू सोडा. 28व्या बारला प्रेस्टो (खूप जलद) येतं, पुढे अडाजिओ (संथ) आणि मग अ‍ॅलेग्रो (जलद), या खुणा बाखच्याच आहेत. तेव्हा सुरुवातीचा स्पीड ठरवताना प्रेस्टोसाठी जागा ठेवा.

आता फ्यूग. लोक उजवा हात वेगळा, डावा हात वेगळा असं पाठ करतात आणि तिथेच अडकतात, कारण इथे हात दोन आणि आवाज तीन. मधला आवाज कधी या हाताकडे तर कधी त्या हाताकडे जातो. म्हणून तीन रंगांच्या पेन्सिली घ्या, प्रत्येक आवाज शेवटपर्यंत रंगवा आणि प्रत्येक आवाज एकटा, जमेल त्या बोटांनी, गात गात वाजवा. आपले कान राग ऐकून एका सुरावटीच्या मागे जायला तयार झालेले असतात, ती सवय इथे कामाला येते, फक्त ती तीन वेळा वापरायची.

सब्जेक्ट, म्हणजे फ्यूगची मुख्य सुरावट, आधी मधल्या आवाजात येतो, तिसऱ्या बारला वरच्यात, सातव्याला खालच्यात. वरच्या आवाजातलं उत्तर, म्हणजे सब्जेक्टची दुसऱ्या सुरावरून येणारी आवृत्ती, हुबेहूब नक्कल नाहीये: सब्जेक्ट सीवरून खाली जीवर उतरतो, उत्तर जीवरून थेट खाली सीपर्यंत जातं, म्हणजे उडी एका पायरीने मोठी. हा फरक गाऊन बघा, बोटांच्या लक्षात आपोआप राहतो.

सातव्या बारला खरी परीक्षा. उजव्या हाताला वर सोळाव्या नोट्सची उतरती रांग आणि त्याच हातात खाली मधल्या आवाजाच्या आठव्या नोट्स (एका मात्रेत दोन). दोन्हीचं फिंगरिंग (कुठल्या सुराला कुठलं बोट) इथेच पक्कं करून लिहून ठेवा आणि रोज तेच वापरा, दर वेळी वेगळी बोटं आली तर हा बार कधीच बसत नाही. मग दोन आवाज वाजवायचे, तिसरा गायचा, आणि आलटून पालटून सगळ्या जोड्या करायच्या. कंटाळवाणं वाटेल पण मला विचाराल तर हेच फ्यूगचं खरं शिक्षण आहे!

सूर लांबवणारं पेडल जवळजवळ नकोच, त्याने आवाज एकमेकांत मिसळतात. सूर धरून ठेवायचा असेल तर दाबलेली पट्टी न सोडता तिच्यावरचं बोट बदला.

एडिशन उर्टेक्स्ट घ्या, म्हणजे संपादकाची भर नसलेली, मूळ नोटेशनची. पियानोशिक्षक चेर्नीच्या एडिशनमधले स्पीड आणि स्लर (सूर जोडून वाजवायच्या कमानी) त्याने स्वतः घातलेत.

फ्यूगचं पाठांतर शेवटाकडून करा, म्हणजे 29व्या बारपासून. खाली सी धरलेला, वर सब्जेक्ट शेवटचा येतो आणि ई फ्लॅटऐवजी ई नॅचरलवर थांबतो, मायनरचं मेजर होतं. तो ई थोडा मोकळा वाजू द्या, बाकीचे सूर त्याच्याखाली राहू देत.