जोशी रेसलिंगची वर्षातली बेस्ट मॅच कशी निवडायची, माझी वहीची पद्धत

सगळ्यात आधी एक सांगते, जोशी म्हणजे आपल्याकडचं आडनाव नाही. जपानीत जोशी म्हणजे मुली, बायका, आणि तिथल्या बायकांच्या प्रो रेसलिंगला जोशी पुरोरेसु म्हणतात. हे मला दर डिसेंबरला कुणाला ना कुणाला सांगावं लागतं कारण डिसेंबर आला की मेसेज सुरू होतात, ताई तू एवढं बघतेस तर यंदाच्या टॉप दहा मॅचेस दे ना. देते मी, पण दुसऱ्याची लिस्ट घेऊन बघितलं तर अर्धी मजा जाते, स्वतःची बनवा. आणि ती डिसेंबरात बसून बनत नाही, जानेवारीपासून थोडी थोडी लिहावी लागते, कशी ते सांगते.

एक शंभर पानी वही घ्या. मोबाईलमध्ये नोट्स लिहिल्या तरी चालतात पण माझ्या तर तिथे हरवतात, किराणाची यादी आणि ताम नाकानो ही रेसलर एकाच ठिकाणी. प्रत्येक आवडलेल्या मॅचला तारीख, हॉल, कोण विरुद्ध कोण, पणाला काय लागलं होतं, किती मिनिटं, एवढं लगेच लिहायचं. आणि खाली दोन ओळी रिकाम्या सोडायच्या. त्या रिकाम्या ओळी दुसऱ्या दिवशी भरायच्या. सकाळी डबा भरताना, बसची वाट बघताना त्या मॅचमधलं जे आपोआप डोळ्यासमोर येतं ते लिहायचं. काहीच आलं नाही तर ओळ रिकामीच ठेवा, कारण मॅच बघताना सगळंच भारी वाटतं, रात्र उलटल्यावर जे उरतं तेच खरं, माझी अख्खी पद्धत यावरच उभी आहे.

आता बघायचं कधी. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तिकडे संध्याकाळी साडेसहाचा शो इकडे दुपारी तीनला लागतो आणि तिकडचा दुपारी बाराचा शो आपल्याकडे सकाळी साडेआठला. रविवारी पोहे खात लाईव्ह बघता येतं, मधल्या वारी ऑफिसात असाल तर रात्री रेकॉर्डिंग बघा आणि तोपर्यंत सोशल मीडिया उघडू नका, रिझल्ट फुटतोच. स्टारडम या मोठ्या जोशी कंपनीची स्वतःची स्ट्रीमिंग साईट आहे, तोक्यो जोशी प्रो आणि मेरीगोल्ड या दुसऱ्या दोन कंपन्या रेसल युनिव्हर्स या साईटवर दिसतात. पैसे भरताना कार्ड रिजेक्ट झालं तर घाबरू नका, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल व्यवहार चालू करावे लागतात, माझं कार्ड तीनदा परत आलं तेव्हा मला हे कळलं, आणि त्यात एक लाईव्ह शो गेला तो गेलाच.

ट्रेनमध्ये बघितलेल्या मॅचला मी मार्क देत नाही, हा माझा नियम आहे. बोरिवली स्लो मध्ये उभं राहून, कुणाची तरी बॅग मानेला लागतेय, एका कानात इयरफोन, यात मॅच कळते पण हॉल ऐकू येत नाही, आणि जोशीमध्ये हॉल म्हणजे अर्धी मॅच. तोक्योतला कोराकुएन हॉल दोन हजारांच्या आत माणसं मावणारा, एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, तिथे लोक आधी शांत बसलेले असतात आणि मग एका क्षणी पाय आपटायला लागतात, तो आवाज हळूहळू कसा चढतो ते नीट ऐकल्याशिवाय मॅच चांगली होती का हे ठरवू नका. प्रवासात प्रोमो, म्हणजे मॅचआधीची भाषणं, बघा, मागची कहाणी वाचा. मॅच घरी.

माझे आजोबा सांगलीकडचे, लाल मातीतली कुस्ती बघत वाढलेले, ते म्हणायचे पैलवानाच्या हाताकडे सगळेच बघतात, तू पायाकडे बघ. ते मला इथे फार उपयोगी पडलं. समजा दहाव्या मिनिटाला एकीचा गुडघा धरून पिळला आणि विसाव्या मिनिटाला ती त्याच पायावर काहीच न झाल्यासारखी पळतेय, तर वहीत एक मार्क कमी. आणि जर ती पिन करायला, म्हणजे खांदे मॅटवर दाबून जिंकायला, जाताना अर्धा सेकंद लंगडली, त्या अर्ध्या सेकंदात समोरची निसटली, तर ती मॅच जपून ठेवा. उंचावरून उड्या मारणाऱ्या पुष्कळ आहेत, दुखणं शेवटपर्यंत अंगात ठेवणाऱ्या कमी.

हे डोळ्यांना शिकवायचं असेल तर एक जुनी मॅच आधी बघा, २ एप्रिल १९९३, योकोहामा अरिना, अकिरा होकुतो विरुद्ध शिनोबु कांदोरी. कांदोरी ज्युडोतून आलेली, ती सुरुवातीलाच होकुतोचा हात धरते आणि मग होकुतो खांदा धरून बसते, वाटतं संपलं सगळं, पण ती उठते आणि पुढे रक्त, राग, थकवा, सगळं एकमेकींच्या अंगावर. ही होकुतो म्हणजे तीच जिने १९८७ मध्ये मान मोडलेली असताना स्वतःचं डोकं हातांनी धरून मॅच पूर्ण केली होती. हे माहीत असलं की त्या खांद्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघता. तिचा नॉर्दर्न लाइट्स बॉम्ब हा डाव पुढे ज्युलिया या नव्या पिढीतल्या रेसलरने उचलला, तो दिसला की जुने लोक का ओरडतात ते पण कळेल.

बरं, एक प्रश्न येणारच, हे तर ठरलेलं असतं ना मग बेस्ट कसली. हो, कोण जिंकणार ते ठरलेलं असतं. शिवाजी मंदिरला नाटकाचा शेवट पण ठरलेलाच असतो आणि तरी एखाद्या प्रयोगाला थिएटर सुन्न होतं आणि एखाद्याला लोक मध्येच उठून वडा खायला जातात. इथे तर वरून पडणं खरं, मानेवर आपटणं खरं. म्हणून जिंकलं कोण यावर मार्क देऊ नका, तो शेवट पटला का ते बघा.

आणि शेवट पटायला आधीचं माहीत लागतं, इथेच बहुतेक नवीन लोक चुकतात, लिस्टमधली मॅच एकटी उचलून बघतात आणि म्हणतात ठीक होती. २०२५ चं उदाहरण घेते कारण माझ्या वहीत त्याची चार पानं आहेत. साया कामितानी स्टारडममध्ये आली ती आयडॉल, म्हणजे नाचगाणी करणारी पॉप स्टार, बनायच्या वाटेने, आणि ती वाट ताम नाकानोची होती, ताम स्वतः आयडॉल होती. मग सायाने वर्षानुवर्षं चांगल्या मुलीचं काम केलं, स्टारडमचा पांढरा बेल्ट, म्हणजे चॅम्पियनचा पट्टा, सांभाळला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ती फिरली, काळे कपडे घालून व्हिलन गटात गेली. २९ डिसेंबर २०२४ ला तोक्योत र्‍योगोकुमध्ये तिने तामकडून लाल, म्हणजे सगळ्यात वरचा बेल्ट घेतला. मार्चमध्ये परत दोघी, यावेळी हरेल तिने स्टारडम सोडायचं, ताम हरली. आणि मग २७ एप्रिल २०२५, योकोहामा अरिना, हरेल तिचं करिअरच संपलं. ताम पुन्हा हरली आणि खरंच रिटायर झाली. ही शेवटची मॅच एकटी बघितली तर दोन बायका एकमेकींना मारतायत एवढंच दिसेल. तिन्ही ओळीने बघा, आणि जमलं तर ३ मार्च २०२१ ची तोक्योच्या बुडोकान हॉलमधली ताम विरुद्ध ज्युलिया पण बघा, हरेल तिचं मुंडण, ती ताम जिंकली होती आणि ज्युलियाचे केस गेले होते. मग योकोहामात सायाच्या चेहऱ्यावर शेवटी जे येतं, व्हिलनचा मुखवटा धरून ठेवायचाय आणि धरता येत नाहीये, ते बघून माझ्यासारखे तुम्ही पण पॉज करून पाणी प्यायला उठाल. माझ्या वहीत दुसऱ्या दिवशीची ओळ फक्त एवढीच आहे, साया रडली.

म्हणून नियम असा की मॅच वहीत घेण्याआधी त्या दोघींच्या निदान मागच्या एक दोन भेटी बघा. भाषा येत नाही म्हणून अडू नका, बेल्ट लाल की पांढरा, कोण कुणाच्या गटात, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे. आकाई बेल्ट म्हणजे लाल, स्टारडमचा सगळ्यात वरचा, शिरोई म्हणजे पांढरा, आणि इन्ताई शब्द दिसला की समजा कुणीतरी रिटायर होतंय, ती मॅच सोडू नका.

लांबीचं पण सांगून टाकते. ७ मे १९९५ ला कोराकुएनमध्ये मानामी तोयोता आणि क्योको इनोउए साठ मिनिटं लढल्या आणि बरोबरी झाली, रेसलिंग ऑब्झर्व्हर या अमेरिकन न्यूजलेटरच्या वाचकांनी पुरुष बायका सगळे धरून त्या वर्षीची बेस्ट मॅच म्हणून तीच निवडली होती. बोरिवलीहून चर्चगेट स्लो जायला जेवढा वेळ तेवढा वेळ त्या थांबल्या नाहीत. पण यावरून लांब म्हणजे चांगली असं डोक्यात बसवू नका, चाळीस मिनिटांतली पंधरा नुसती भरतीची असलेल्या मॅचेस मी पुष्कळ बघितल्या. १२ जून २०२१ ची उतामी हायाशिशिता विरुद्ध शुरी ही लांब पण होती आणि अनिर्णित पण राहिली आणि तरी कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण दोघी शेवटी खरंच उभ्या राहू शकत नव्हत्या. त्याच शुरीने २९ डिसेंबरला बेल्ट घेतला तेव्हा जूनची मॅच आणखी मोठी झाली. वहीत जुन्या पानावर परत जाऊन लिहायला जागा ठेवा ती यासाठीच.

फक्त स्टारडम बघून लिस्ट करू नका, ही माझी कळकळीची विनंती. तिथे पैसा आहे, कॅमेरे आहेत, म्हणून सगळ्यांच्या लिस्टा त्यांनीच भरतात. तोक्यो जोशी प्रोमध्ये मियु यामाशिताची एक किक बघा. सेंडाई गर्ल्स या कंपनीत चिहिरो हाशिमोतो बघा, तिथे ताकद बघायला मिळते. मेइको सातोमुरा याच सेंडाईची, १९९५ मध्ये पदार्पण, चिगुसा नागायोच्या हाताखाली घडलेली, ती २९ एप्रिल २०२५ ला कोराकुएनमध्ये रिटायर झाली, समोर जुनी दिग्गज आजा काँग होती, म्हणजे तामनंतर बरोब्बर दोन दिवसांनी. एका आठवड्यात दोन निरोप, आणि जिकडे तिकडे चर्चा मात्र एकाच निरोपाची. मला ते अजून बरोबर वाटत नाही.

आणि चोकोप्रो तर मुंबईकराने बघायलाच हवं. तोक्योत इचिगायाला एक छोटी खोली आहे, रिंग नाही, दोऱ्या नाहीत, खाली मॅट आणि भिंतीला खिडकी, त्या खिडकीच्या कठड्यावरून उड्या मारतात. आमच्या लालबागच्या चाळीतली खोली असावी तेवढीच जागा वाटते, वावरायला जागा नाही म्हणून प्रत्येक पाऊल मोजून टाकतात. एमी साकुराने २०२० मध्ये हे युट्यूबवर फुकट सुरू केलं, सगळं जग घरात बंद होतं तेव्हा. आपला भारतीय रेसलर बलियान अक्की पण तिथे लढलाय. दरवर्षी माझ्या यादीत तिथली एक तरी मॅच असतेच, आणि ती मी कुणाला बरं वाटावं म्हणून टाकत नाही.

समीक्षकांनी दिलेले स्टार आणि रेटिंग बघायचे का? बघा, पण आपल्या रिकाम्या ओळी भरल्यानंतर. आधी बघितलं तर डोळा त्या आकड्याकडेच जातो, चार पॉइंट सात वाचलं की मॅचमध्ये चार पॉइंट सातच दिसतं.

आणि लिस्ट लिहिताना, टाकताना, एखादी मॅच नाही आवडली तर मॅचबद्दल लिहा, त्या मुलीच्या दिसण्याबद्दल, वजनाबद्दल, तिच्या आयुष्याबद्दल लिहू नका. हाना किमुरा ही रेसलर २२ वर्षांची होती, मे २०२० मध्ये गेली, एका टीव्ही शोनंतर लोकांनी ऑनलाईन तिला जे जे लिहिलं त्यानंतर. तिच्या मॅचेस अजून बघा, किती जिवंत होती ती रिंगमध्ये. आपण इतक्या लांब मुंबईत बसून मराठीत लिहितो, तिकडे कोण वाचणार असं म्हणू नका, भाषांतराचं बटण सगळ्यांकडे आहे.

आता डिसेंबर. नाताळाच्या आधी लिस्ट जाहीर करू नका, हे मी दोनदा करून पस्तावलेय. स्टारडमचा वर्षाचा शेवटचा मोठा शो २०२१ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी २९ डिसेंबरला र्‍योगोकु कोकुगिकानमध्ये झाला आणि तिथे काहीतरी होतंच, २०२१ ला शुरी जिंकली, २०२२ ला ज्युलियाने शुरीला हरवलं, २०२४ ला साया. र्‍योगोकु म्हणजे सुमोचा हॉल, सुमोच्या आखाड्यावर बाईने पाय ठेवायचा नाही असा तिथला रिवाज, आणि त्याच छपराखाली रिंग लावून बायका वर्षाची शेवटची मोठी मॅच लढतात. मला दरवेळी एंट्रीचं म्युझिक सुरू झालं की हे आठवतं आणि अंगावर काटा येतो.

तर ३० तारखेला वही घेऊन बसा. ज्यांच्या खालच्या दोन ओळी रिकाम्या आहेत त्या सगळ्या आधी खोडा, कितीही मोठं नाव असो. साधारण पंधरा वीस उरतील. त्यातल्या सगळ्या परत बघायला वेळ नसतो, म्हणून दोन दोन समोरासमोर ठेवा आणि स्वतःला विचारा, आज रात्री यातली एकच बघता येणार असेल तर कुठली लावशील. हरलेली खाली. शेवटी आठ उरल्या की त्या परत पूर्ण बघा, मोठा आवाज लावून, आणि पहिल्यांदा जे लिहिलं होतं ते झाकून ठेवा. मग नवीन ओळ लिहा, झाकलेली काढा, दोन्ही जुळल्या तर ती मॅच पहिल्या तीनात. नाही जुळल्या तर दोन्ही ओळी लिस्टमध्ये टाका, वाचणाऱ्याला ते जास्त आवडतं. क्रमांक नको असेल तर देऊ नका, पण एक नंबर मात्र द्याच, त्यात पळवाट नको. आणि लिस्ट पाठवाल तेव्हा प्रत्येक मॅचपुढे आधीच्या कुठल्या दोन मॅचेस बघायच्या ते पण लिहा, नाहीतर वाचणारा परत ती एकटीच उचलून बघेल आणि म्हणेल ठीक होती.